'लुप्त होणारी' म्हणजे कोण? : लेपचा भाषेविषयीच्या लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना :

हिमालयातील अल्पसंख्य भाषांविषयीचे जे लेखन आपल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांपर्यंत पोहोचते, त्यात एक विशेषण हमखास आढळते. ते म्हणजे 'लुप्तप्राय'. कधी 'मरणासन्न', कधी 'अखेरच्या घटका मोजणारी' असे त्याचे रूप बदलते. परंतु भाषेचे नाव घेण्याआधी तिच्या मरणाची वार्ता द्यावयाची, ही रीत मात्र कायम राहते. प्रस्तुत लेखात या विशेषणाचीच चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी सिक्कीम, दार्जिलिंग-कालिम्पोंग, पूर्व नेपाळमधील इलाम आणि भूतानचा नैर्ऋत्य भाग येथे बोलल्या जाणाऱ्या लेपचा भाषेची निवड केली आहे. तिबेटो-बर्मन कुळातील ही भाषा तिचे भाषक 'रोंग' या नावाने ओळखतात आणि स्वतःला 'रोंगकुप' म्हणजे रोंगांची लेकरे म्हणवितात. या भाषेला स्वतःची लिपी आहे, व्याकरणे आहेत, शब्दकोश आहेत आणि दीडशेहून अधिक वर्षांची वर्णनपरंपरा आहे. त्यामुळे कोणी, कोणासाठी, कोणत्या भूमिकेतून लिहिले, हे तपासण्यास येथे पुरेसा अवकाश मिळतो.

एक मर्यादा आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखकाला लेपचा भाषा येत नाही. येथे विचारात घेतलेले सर्व ग्रंथ इंग्रजीतून वाचलेले आहेत. म्हणजेच ज्या उणिवेबद्दल पुढे इतरांना प्रश्न विचारले आहेत, ती उणीव प्रश्न विचारणाऱ्याकडेही आहे.

व्याकरणकाराचे प्रेम :

लेपचा भाषेचे पहिले मोठे व्याकरण १८७६ साली कलकत्त्यात प्रसिद्ध झाले. त्याचे कर्ते जॉर्ज बायर्स मेनवारिंग हे लष्करी अधिकारी. लेपचांमध्ये दीर्घकाळ राहून, त्यांच्याविषयी आत्मीयता बाळगून त्यांनी हे काम केले. त्यांच्या निधनानंतर त्यांनी जमविलेल्या शब्दसंग्रहाला अल्बर्ट ग्रुनवेडेल यांनी पूर्ण रूप दिले आणि १८९८ साली तो कोश बर्लिनमध्ये छापला गेला. या दोन ग्रंथांशिवाय पुढचा अभ्यास उभाच राहिला नसता, हे निर्विवाद.

तथापि मेनवारिंग यांच्या प्रस्तावनेत दोन गोष्टी एकत्र नांदतात. एकीकडे ते लेपचा भाषेला जगातील अतिप्राचीन भाषांत बसवितात, हिब्रू आणि संस्कृत यांच्याही मागे नेतात, आदिमानवाच्या नंदनवनाशी तिचे नाते जोडतात. दुसरीकडे ही भाषा उपेक्षेमुळे नष्ट होत चालल्याची खंत व्यक्त करतात. वरवर पाहता हे दोन सूर विरोधी वाटतात. एक गौरवाचा, दुसरा शोकाचा. परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो. भाषा एक तर सृष्टीच्या आरंभी असते किंवा अंताला. तिला वर्तमान उरत नाही. आठवडी बाजारात वेलदोड्याच्या भावावरून जी भाषा वापरली जाते, ती भाषा या चौकटीत कोठेच बसत नाही.

व्याकरणाच्या अंतरंगातही हीच अडचण आहे. मेनवारिंग यांनी लेपचाला लॅटिन व्याकरणाच्या साच्यात बसविले. विभक्तींचे तक्ते मांडले, कारण त्यांच्या लेखी व्याकरण म्हणजे विभक्तींचे तक्ते. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांपासून मराठी व्याकरणाचा जो इतिहास आहे, त्यात संस्कृत आणि इंग्रजी साच्यांच्या ओढाताणीची चर्चा आपण नेहमी करतो. तेव्हा या अडचणीचे स्वरूप मराठीच्या अध्यापकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. लेपचाची स्वतःची जी खुबी आहे, ती अशा तक्त्यांच्या बाहेर राहते. उदाहरणार्थ, क्रियापदाच्या आद्य व्यंजनानंतर 'य्' हा ध्वनी घालून प्रयोजक अर्थ साधण्याची पद्धत. 'थोर' म्हणजे सुटणे, 'थ्योर' म्हणजे सोडविणे. एका अर्धस्वराने कर्ता बदलतो. ही रीत आज सर्व क्रियापदांना लावता येत नाही, काही मोजक्या जोड्यांतच ती उरली आहे. पण त्या जोड्या भाषेच्या फार जुन्या थराकडे निर्देश करतात. आधुनिक भाषाविज्ञानाच्या पद्धतीने लिहिलेले सविस्तर व्याकरण यायला मात्र २००७ साल उजाडावे लागले. हेलीन प्लेझिए यांचा तो ग्रंथ लायडेन येथून प्रसिद्ध झाला. मेनवारिंग आणि प्लेझिए यांच्यामध्ये १३१ वर्षांचे अंतर आहे. ज्या भाषेचा मृत्यू १८७६ मध्येच जवळ आलेला दिसत होता, तिचे बोलते रूप नोंदविण्यासाठी २००७ मध्येही भाषक उपलब्ध होते, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

तीन महिन्यांचे गाव :

१९३७ साली इंग्रज लेखक जेफ्री गोरर हे जॉन मॉरिस यांच्यासमवेत सिक्कीममधील जोंगू भागातील लिंगथेम या गावी राहिले. तेथील सुमारे तीन महिन्यांच्या वास्तव्यावर आधारलेला 'हिमालयन व्हिलेज' हा त्यांचा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. मॉरिस यांचेही लेपचांवरील पुस्तक त्याच वर्षी आले. गोरर यांचे पुस्तक आजही वाचनीय आहे. निरीक्षण बारीक आहे, गद्य स्वच्छ आहे, आणि स्वतःला लेपचा भाषा येत नसल्याचे व दुभाष्यावर अवलंबून राहावे लागल्याचे ते लपवीत नाहीत. हा प्रामाणिकपणा दुर्मीळ होय.

प्रश्न असा की, या कबुलीचा ग्रंथाच्या निष्कर्षांवर काही परिणाम झाला का? झालेला दिसत नाही. लेपचांच्या स्वभावात आक्रमकता जवळजवळ नाही, हा गोरर यांचा मुख्य सिद्धान्त. एखाद्या समाजात राग नाही, असे म्हणण्यासाठी त्या समाजाची रागाची भाषा कानाला कळावी लागते. टोमणा, तिरकस स्तुती, मुद्दाम वापरलेले अतिआदरार्थी रूप, विहिणीने विहिणीला घातलेला उखाणा, यांतून किती राग वाहतो, हे मराठी घरात वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. दुभाष्याच्या चाळणीतून यातले काय खाली उतरते? फार थोडे. त्यामुळे गोरर यांना जो शांत समाज दिसला, तो काही अंशी भाषांतरात शांत झालेला समाज असण्याची शक्यता नाकारता येत नाही. लेपचा सौम्य नाहीत, असे येथे म्हणावयाचे नाही. मुद्दा पुराव्याचा आहे. येथे हेही आठवावे की, हेच गोरर पुढे रशियन राष्ट्रस्वभावाचा उलगडा तान्ह्या बाळांना कपड्यात घट्ट गुंडाळण्याच्या प्रथेवरून करू पाहत होते. समाजाचा स्वभाव एका किल्लीने उघडतो, हा त्यांचा विश्वास लिंगथेममध्येच दिसू लागला होता.

गोरर यांच्याही आधी, १८४८ ते १८५० या काळात सिक्कीम-दार्जिलिंग परिसरात फिरलेले वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी लेपचांच्या सौम्य, प्रेमळ, भित्र्या स्वभावाचे वर्णन केले होते. जंगलातील झाडापानांचे त्यांचे ज्ञान हूकर यांना कामी आले. सौम्य, भित्रा, निसर्गाचे लेकरू, आणि म्हणून नाहीसा होणारा, असा हा चार पायऱ्यांचा तर्क आहे. पहिल्या तीन पायऱ्या प्रवासवर्णनाच्या, चौथी इतिहासाची. स्वभावातून नाश निष्पन्न होतो असे एकदा मानले, की चहाचे मळे, राखीव जंगले, जमिनीचे हस्तांतर आणि मोठ्या प्रमाणावर झालेले नेपाळीभाषकांचे स्थलांतर, ही सगळी कारणे आपोआप बाजूला पडतात. मरणाऱ्याच्या अंगीच मरण होते, मग कोणाला काय विचारावयाचे?

'माझी' हे सर्वनाम :

या परंपरेत १९८७ साली एक पुस्तक आले, त्याचा विचार थोडा सविस्तर करावा लागेल. कालिम्पोंगचे ए. आर. फोनिंग यांचे 'लेपचा, माय व्हॅनिशिंग ट्राइब'. वर्णनविषय असलेल्या समाजातील व्यक्तीने आपल्या समाजाविषयी इंग्रजीत लिहिलेला हा ग्रंथ आत्मकथन, लोककथा, चालीरीती, इतिहास आणि तक्रार यांचे मिश्रण आहे. शास्त्रीय शिस्तीच्या दृष्टीने त्यात दोष काढणे सोपे आहे, आणि ते काढलेही गेले. परंतु समीक्षकाने आधी शीर्षकापाशी थांबले पाहिजे.

शीर्षकातील पहिला शब्द 'लेपचा'. हे नाव बाहेरच्यांनी दिलेले. नेपाळीभाषकांच्या तोंडून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'अस्पष्ट, वाईट बोलणारे' असा तुच्छतादर्शक होता, असे एक मत आहे. दगडांच्या रचलेल्या ढिगाशी त्याचा संबंध जोडणारेही दुसरे मत आहे. पहिले मत खरे मानले तर विलक्षण गोष्ट समोर येते. एका समाजाचे नावच त्याच्या भाषेची निंदा करते. शीर्षकातील शेवटची दोन पदे, 'लुप्त होणारी' आणि 'जमात', हीदेखील बाहेरची. वसाहतकालीन प्रशासन आणि मानवशास्त्र यांच्या कोठारातली. फोनिंग यांचे स्वतःचे असे एकच पद उरते, ते म्हणजे 'माझी'.

हे सर्वनाम सगळा डाव बदलते. 'एक लुप्त होणारी जमात' असे गोरर म्हणू शकले असते. 'माझी' म्हटल्याबरोबर प्रश्न पडतो की, जमात लुप्त होत असेल तर हे पुस्तक लिहिणारा कोण? बोलणारा हजर आहे. तो आपल्या घरातील, आप्तांतील, गावातील गोष्टी सांगतो आहे, वाद घालतो आहे, चिडतोही आहे. पुस्तकाच्या शीर्षकाला पुस्तकाचा मजकूर विरोध करतो, असे माझे वाचन आहे. जन्म, विवाह, मृत्यू यांविषयी फोनिंग यांनी जे तपशील दिले आहेत, ते संग्रहालयातील वस्तूंप्रमाणे मांडलेले नाहीत. आपल्या माणसाची गोष्ट आपण सांगावी तसे ते येतात. अनेकदा विस्कळीतपणे येतात. या विस्कळीतपणालाच काही वाचकांनी दोष मानले. मला तो ग्रंथाचा जिवंत भाग वाटतो.

दोष दुसरीकडे आहे. फोनिंग यांनी विशेषण उलटवले नाही, स्वीकारले. हा समाज अमुक कारणांनी, अमुक लोकांच्या निर्णयांनी आकुंचित झाला, असे म्हणण्याऐवजी तो 'लुप्त होणारा' आहे, असे म्हटले की क्रिया अकर्मक होते. करणारा अदृश्य होतो. वर उल्लेखिलेली 'थोर' आणि 'थ्योर' ही जोडी येथे आठवते. सुटणे आणि सोडविणे यांतील फरक ज्या भाषेत एका ध्वनीने होतो, तिच्याविषयीच्या इंग्रजी लेखनात लुप्त होणे आणि लुप्त करणे यांतील फरक मात्र दीडशे वर्षे पुसट राहिला.

आकडे काय सांगतात :

भारतीय जनगणनेत लेपचा ही मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या १९९१ मध्ये ३९,३४२, २००१ मध्ये ५०,६२९ आणि २०११ मध्ये ४७,३३१ होती. म्हणजे एका दशकात वाढ, दुसऱ्यात घट. या आकड्यांवरून 'लुप्त' म्हणता येत नाही आणि 'सुरक्षित' असेही म्हणता येत नाही. जनगणनेत मातृभाषेची नोंद ही बोलण्याची नोंद नसते, आपलेपणाची नोंद असते. घरात नेपाळी बोलणारे कुटुंबही आपली मातृभाषा लेपचा असल्याचे अभिमानाने सांगू शकते. त्याउलट लाजेने किंवा सोयीने नेपाळी सांगणारेही असतात. १९९१ ते २००१ या दशकातील वाढ नैसर्गिक लोकसंख्यावाढीपेक्षा किती तरी अधिक आहे. ती मुलांच्या जन्माने आलेली नाही, निर्णयाने आलेली आहे, असा तर्क करण्यास जागा आहे. लाज कमी झाली, असा त्याचा अर्थ लावला तर तो भाषेच्या दृष्टीने लहान बदल नव्हे.

येथे एक वैयक्तिक कबुली द्यावी लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारा छोटा समाज आहे. ही भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही, त्यामुळे अभ्यासकांना तिचे आकर्षण वाटते. माझ्या एम.फिल.च्या प्रबंधिकेत तिच्यावर एक प्रकरण आहे आणि त्याचे पहिले वाक्य 'निहाली ही लुप्त होण्याच्या मार्गावरील भाषा होय' असे आहे. ते वाक्य मी एकही निहाली भाषक भेटण्यापूर्वी लिहिले होते. मार्गदर्शकांनी त्यावर काही हरकत घेतली नाही, परीक्षकांनीही नाही. फोनिंग यांचे पुस्तक त्यानंतर काही वर्षांनी हाती आले.

लिपी आणि 'आदिम' हे बिरुद :

लेपचा लिपीचे श्रेय अभ्यासक सामान्यतः सिक्कीमचे तिसरे चोग्याल चाकदोर नामग्याल यांच्या काळाला, म्हणजे १८ व्या शतकाच्या आरंभाला देतात. लेपचा परंपरा ते थिकुंग मेन सालोंग या आपल्या विद्वान पूर्वजाला देते. या वादात पडण्याचे येथे प्रयोजन नाही. पण लिपीची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. ती तिबेटी लिपीवर आधारलेली, आरंभी उभ्या ओळींत लिहिली जाणारी आणि नंतर आडवी झालेली, असे मानले जाते. अक्षराचे शेवटचे व्यंजन ती वेगळे न लिहिता चिन्हाच्या रूपाने डोक्यावर चढविते. या लिपीत लिहिलेल्या हस्तलिखितांचा सर्वांत मोठा संग्रह योहान व्हान मानेन यांनी जमविला. सुमारे १८० पोथ्यांचा तो संग्रह आज लायडेनमध्ये आहे. त्यांतील बराच मजकूर तिबेटी बौद्ध ग्रंथांच्या लेपचा रूपांतरांचा आहे. २००८ साली या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

अशा तीनशे वर्षांच्या लेखनपरंपरेच्या समाजाला सिक्कीम शासनाने या शतकाच्या पहिल्या दशकात 'अत्यंत आदिम जमात' असे घोषित केले. हेतू संरक्षणाचा व सवलतींचा होता, आणि समाजातूनही त्याची मागणी होती, हे खरे. तरीही शब्दाचे काम शब्द करतोच. शासनाकडून काही मिळवायचे असेल तर स्वतःला आदिम म्हणवून घ्यावे लागते. बाहेरच्या वाचकाचे लक्ष हवे असेल तर स्वतःला लुप्त होणारे म्हणवून घ्यावे लागते. फोनिंग यांच्या शीर्षकामागील विवशता या उदाहरणावरून अधिक समजते आणि त्यांच्यावरील माझा वरील आक्षेप काहीसा सौम्य करावासा वाटतो.

वस्तुतः त्याच सिक्कीममध्ये १९७७ पासून नेपाळी व भुतिया यांच्याबरोबर लेपचा ही राज्याची अधिकृत भाषा आहे. ती शाळांत शिकविली जाते, गंगटोक आकाशवाणीवरून ऐकू येते. दार्जिलिंग-कालिम्पोंगमध्ये मात्र शासकीय आधार फार उशिरा व अपुरा मिळाला. तेथे समाजाच्या संघटनांनी स्वतःच रात्रशाळा चालविल्या. के. पी. तामसांग यांचा लेपचा-इंग्रजी कोश १९८० साली कालिम्पोंगमध्येच छापला गेला. बर्लिनच्या कोशानंतर ८२ वर्षांनी लेपचा भाषकाने आपल्या गावी आपला कोश काढला. फोनिंग यांच्या पुस्तकाआधी सात वर्षे घडलेली ही घटना 'लुप्त' या विशेषणाच्या कोणत्याच चर्चेत आढळत नाही, याचे आश्चर्य वाटते.

तिस्तेचे दोन अर्थ :

तिस्ता हे नाव संस्कृत 'त्रिस्रोता'वरून आले, असे आपण वाचतो. लेपचांची कथा वेगळी आहे. तिस्ता आणि रंगीत हे प्रेमी युगुल. दोघांनी डोंगरावरून खाली मैदानाकडे निघण्याचे आणि संगमावर भेटण्याचे ठरविले. तिस्तेला वाट दाखवायला साप होता, रंगीतला पक्षी. साप सरळ खाली उतरत गेला. पक्षी खाण्याच्या नादात इकडेतिकडे भरकटला, आणि रंगीत उशिरा पोहोचला. आधीच येऊन थांबलेल्या तिस्तेला पाहून तो चकित होऊन म्हणाला, "थि-सा-था?" म्हणजे तू केव्हा पोहोचलीस? हरल्याच्या रागाने तो फुगला, पूर आला, आणि माणसांनी तेंदोंग डोंगराचा आश्रय घेतला. ही कथा लग्नप्रसंगी सांगितली-गायिली जाते. व्युत्पत्तिशास्त्र दृष्ट्या ती टिकेल की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. नदीचे नाव हा एक लेपचा प्रश्न आहे, असे मानणारा समाज त्या नदीच्या काठी राहतो, हे महत्त्वाचे. गोरर ज्याला आक्रमकताशून्य समाज म्हणाले, त्याच्या लाडक्या कथेत नवरदेव पराभवाच्या रागाने सारा प्रदेश बुडवितो, हेही जाता जाता नोंदवावे.

२० जून २००७ रोजी जोंगूमधील जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध लेपचा तरुणांनी गंगटोक येथे उपोषण सुरू केले. पहिले उपोषण ६३ दिवस चालले, त्यानंतर साखळी उपोषणे झाली, आणि २००८ मध्ये शासनाने जोंगूमधील चार प्रकल्प रद्द केले. आंदोलकांचे म्हणणे केवळ पर्यावरणाचे नव्हते. मृतांच्या आत्म्यांचा मार्ग, विधींमध्ये नावाने आवाहन होणारी स्थळे, बोंगथिंग आणि मुन या पुरोहितांच्या तोंडी असलेला भूगोल, यांचा तो प्रश्न होता. भाषेच्या अभ्यासकाने हे आपल्या कक्षेबाहेरचे मानणे चूक ठरेल. ज्या स्थळाला उद्देशून मंत्र आहे, ते पाण्याखाली गेल्यावर मंत्र पाठ राहू शकतो, पण तो कोठे तोंड करून म्हणावयाचा? ४ ऑक्टोबर २०२३ रोजी दक्षिण ल्होनाक हिमसरोवर फुटून आलेल्या लोंढ्याने चुंगथांग येथील तिस्ता-३ धरण वाहून नेले आणि खालच्या खोऱ्यात, जोंगूकडे जाणाऱ्या रस्त्यापुलांसह, मोठी हानी केली.

कालिम्पोंग, कर्सियांग, खुद्द दार्जिलिंग या नावांच्याही लेपचा व्युत्पत्ती सांगितल्या जातात. कर्सियांगचा संबंध पांढऱ्या ऑर्किडच्या लेपचा नावाशी जोडतात. पर्यटक म्हणून आपल्याकडून दरवर्षी हजारो लोक ही नावे उच्चारून येतात. लेपचा भाषकांनी लेपचामध्ये लिहिलेल्या कविता, नाटके, नियतकालिके मात्र मराठी अनुवादात माझ्या हाती आलेली नाहीत. मेनवारिंग, गोरर, फोनिंग, प्लेझिए अशा क्रमाने वाचत गेल्यावर जो शेवटचा ग्रंथ वाचावयास हवा, तो या परंपरेविषयी इंग्रजीत नव्हे, तर त्या परंपरेतच लिहिलेला असला पाहिजे. आणि तो वाचण्यासाठी दुभाषा लागेल.